चाळिशीनंतर यंग ॲडल्ट कादंबऱ्या: निवडायच्या कशा, वाचायच्या कशा

एका वाचक बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय बेचाळीस, नोकरी आणि घर सांभाळून वाचन चालू आहे, मोठ्यांच्या कादंबऱ्याही वाचून होतात, पण मनापासून हात जातो तो पंधरा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या, म्हणजे ‘यंग ॲडल्ट’ कादंबऱ्यांकडे. यात काही गैर आहे का? त्यातली चांगली पुस्तकं ओळखायची कशी? मराठीत असं काय मिळेल? आणि इंग्रजीची फार सवय नसेल तर सुरुवात कुठून करायची?

गैर आहे का, हे आधी उरकून टाकू. २०१२ साली अमेरिकेत पुस्तकांच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या बोकर या संस्थेने पाहणी केली. १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. सगळ्यांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा, एकूण विक्रीत त्यांचा वाटा २८ टक्के. पोराबाळांसाठी घेत असतील म्हणावं तर तसंही नाही. या मोठ्या खरेदीदारांनी ७८ टक्के वेळा पुस्तक स्वतःला वाचायला घेतलं होतं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, आणि ही काही कालची गोष्टही नाही. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश प्रकाशकाने त्याची मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. आतला मजकूर तोच. लोकलमध्ये वाचताना कुणी बघितलं तर संकोच नको, एवढाच काय तो फरक.

२०१४ मध्ये ‘स्लेट’ या अमेरिकी ऑनलाइन मासिकात एक लेख आला होता, की मुलांसाठीची पुस्तकं वाचताना मोठ्यांना लाज वाटायला हवी. या कादंबऱ्यांचे शेवट फार समाधानी असतात, मोठ्या वाचकाला लागणारी गुंतागुंत त्यांत नसते, असा त्याचा रोख. अर्धा मुद्दा खरा आहे. सुमार यंग ॲडल्ट कादंबरी शेवटच्या वीस पानांत सगळ्यांचे रुसवेफुगवे काढून मोकळी होते. पण सुमार पुस्तकांवरूनच एखादा वाङ्मयप्रकार तोलायचा, तर आपल्या ऐतिहासिक कादंबरीचं काय होईल ते बघा. रॉबर्ट कॉर्मिए यांच्या ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या कादंबरीत शाळेतल्या दंडेलीविरुद्ध उभा राहिलेला मुलगा शेवटी साफ हरतो, आणि उभं राहून चूक केली असं त्याला वाटतं. प्रकाशकांनी शेवट बदलायला सांगितला होता. कॉर्मिए यांनी बदलला नाही. ते पुस्तक आजही यंग ॲडल्टच्याच कपाटात असतं.

आता मुख्य गोष्ट. नायकाचं वय सोळा आहे एवढ्यावरून कादंबरी यंग ॲडल्ट ठरत नाही. बघायचं ते हे, की सांगणारा घटनेपासून किती लांब उभा आहे. एकच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो.

पहिली तऱ्हा: “नववीत मी गणितात नापास झाले. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यामागे काय होतं ते मला फार उशिरा, त्यांच्या पेन्शनची कागदपत्रं लावताना कळलं.”

दुसरी तऱ्हा: “गणितात एकोणतीस. बाबांनी गुणपत्रिका पाहिली, घडी घातली, टीव्हीवर ठेवली. बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता जेवायला बसायचं की नाही?”

मुलगी तीच, गुण तेच, बाप तोच. पहिलीत सांगणारी बाई चाळिशीची आहे आणि तिच्याजवळ उत्तर आहे. दुसरीत उत्तर कुणाजवळच नाही, लेखकाजवळ असलं तरी तो ते पुढे करत नाही, आणि त्या मुलीपुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न ताटावर बसण्याचा आहे. ही दुसरी तऱ्हा म्हणजे यंग ॲडल्ट. मोठ्यांना ती का आवडते, तेही यातच आलं. मोठ्यांच्या कादंबरीत बऱ्याचदा सगळं घडून गेलेलं असतं आणि आपण त्याचा अर्थ लावत बसतो. इथे अर्थ लागायचा असतो. दिवसभर ऑफिसात अर्थ लावून थकलेल्या माणसाला याचं आकर्षण वाटलं तर नवल नाही. शिवाय बापाच्या गप्प बसण्यात काय आहे ते त्या मुलीला दिसत नसलं तरी बेचाळीसच्या वाचकाला दिसतं. त्यामुळे एकाच पानावर दोन गोष्टी वाचायला मिळतात. पंधरा वर्षांच्या वाचकाला त्यातली एकच मिळते.

हे अंतर लक्षात ठेवलं की मराठीतला गोंधळही सुटतो. ‘श्यामची आई’ मुलं वाचतात, पण तिथे मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना रात्री जमवून आठवणी सांगतो आणि प्रत्येक आठवणीतून काय घ्यायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे. अंतर मोठं. फास्टर फेणेच्या गोष्टी कुमारांसाठीच्या, धमाल, पण फुरसुंगीचा बनेश एका साहसातून दुसऱ्यात जाताना आतून बदलत नाही. मालिकेच्या नायकाने बदलायचं नसतंच. यंग ॲडल्टमध्ये मात्र शेवटच्या पानावरचा मुलगा पहिल्या पानावरचा राहत नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) मोठ्यांची कादंबरी म्हणून निघाली आणि तशीच गाजली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, त्याचीच भाषा आणि त्याला कळतं तेवढंच जग. तिच्यावर दुसरं कुठलंही लेबल लावलं असतं तरी ती यंग ॲडल्टच राहिली असती. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा (‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’) त्याहून थोड्या लहान वयाच्या मुलाच्या, पण बेळगावकडच्या बोलीतलं ते बोलणं इतकं घटनेला चिकटून चालतं की मोठ्या वाचकाला लंपनपेक्षा जास्त कळतं आणि लेखक तसूभरही मध्ये पडत नाही. सुरुवात ‘वनवास’पासून करा. कथा सुट्या असल्या तरी माणसं तीच आहेत आणि त्यांची ओळख तिथे होते.

भाषांतरांत एक सहसा सुटणारं नाव सांगतो. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांतली ‘रानातील प्रकाश’ ही मूळ १९५३ ची. मूळनिवासी अमेरिकनांनी वाढवलेल्या गोऱ्या मुलाला पंधराव्या वर्षी जन्मदात्या घरी परत पाठवलं जातं आणि तो दोन्हीकडे उपरा ठरतो. अमेरिकेत ही कादंबरी शाळांमध्ये वाचली जाते. आपल्याकडे ‘जीएंची भाषांतरं’ म्हणून अभ्यासकांच्या कपाटात अडकली आहे.

म्हणजे मराठीत पुस्तकं आहेत, कपाट नाही. त्यामुळे ग्रंथालयात दोन ठिकाणी शोधावं लागतं. ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली असते आणि तिथे वयाचा काहीच पत्ता लागत नाही. मुलांची पुस्तकं बालविभागात, पुष्कळदा निराळ्या सभासदत्वावर. मोठ्यांच्या कार्डावर ती देत नसतील तर बालविभागाचं कार्ड घरातल्या मुलाच्या नावे काढा, मूल नसेल तर ग्रंथपालांशी सरळ बोला. बालविभागातलं वरच्या वयाचं पुस्तक वर्षानुवर्षं कुणी नेलेलं नसतं, ते मागायला माणूस आला की बहुतेक ग्रंथपालांना आनंदच होतो. नवं पुस्तक हवं असेल तर मागणीच्या वहीत नाव, लेखक, प्रकाशक असं पूर्ण लिहा. ‘मुलांची चांगली पुस्तकं आणा’ अशा मोघम नोंदीचं काही होत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांचं काम सोपं आहे. तिथे सार्वजनिक ग्रंथालयात यंग ॲडल्टचा वेगळा विभाग असतो आणि पुस्तकाच्या कण्यावर तशी चिठ्ठी असते. काही ठिकाणी टीन विभागाच्या खोलीत मोठ्यांना बसू देत नाहीत, पण पुस्तक घरी न्यायला आडकाठी नसते. मुखपृष्ठावर प्रिंट्झ पुरस्काराचा शिक्का असेल तर निदान चाळून बघा. तो २००० सालापासून खास या वयोगटातल्या साहित्यगुणांसाठी दिला जातो. त्याहून तुमच्या उपयोगाची यादी म्हणजे ॲलेक्स पुरस्कारांची. १९९८ पासून दरवर्षी दहा पुस्तकं निवडतात, मोठ्यांसाठी लिहिलेली पण १२ ते १८ च्या वाचकालाही धरून ठेवतील अशी. ज्याला यंग ॲडल्टची ओढ आहे पण मोठ्यांच्या पुस्तकाचं वजनही हवं आहे, त्याने खरं तर इथूनच सुरू करावं. ही यादी मोठ्या वाचकांच्या नजरेला फारशी पडत नाही, कारण ती मुलांच्या ग्रंथपालांसाठी असते.

मुखपृष्ठावर आणि लेबलावर मात्र फार विसंबू नका. मार्कस झुसाक यांची ‘द बुक थीफ’ ऑस्ट्रेलियात मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि अमेरिकेत तीच यंग ॲडल्ट म्हणून. मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ २००३ साली ब्रिटनमध्ये एकाच वेळी मुलांची आणि मोठ्यांची अशा दोन आवृत्त्यांत निघाली. याची उलटी आणि जास्त त्रासाची बाजूही आहे. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ साली यंग ॲडल्टच्या कपाटात आली आणि २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठासह मोठ्यांच्या कपाटात गेली. यंग ॲडल्टचं लेबल असलेली जुनी प्रत अजून सेकंडहँडमध्ये फिरते, आतला मजकूर मात्र मोठ्यांसाठीचाच. स्वतःला घेताना हरकत नाही, पण तेरा वर्षांच्या भाचीला देताना प्रकाशनाचं साल बघून घ्या.

पुस्तक हातात घेतल्यावर ते चांगलं की नाही हे वीस मिनिटांत कळू शकतं. पहिली तीन पानं वाचा, मग मधलं असं एखादं पान शोधा जिथे आई, वडील किंवा शिक्षक बोलत आहेत. कच्च्या कादंबरीत मोठी माणसं एकतर मूर्ख असतात, नाहीतर दुष्ट, नाहीतर शहाणपणाचे डोस पाजणारी. पक्क्या कादंबरीत त्यांना स्वतःची कामं असतात, ती मुलाशी बोलताना दुसऱ्याच विवंचनेत असतात. मुलांची पात्रं सगळ्याच लेखकांना बऱ्यापैकी जमतात, लेखकाचा कस लागतो तो मोठ्या माणसांत. दुसरं, आईवडील कथेबाहेर कसे काढलेत ते बघा. मुलांना मोकळं रान मिळावं म्हणून त्यांना अपघातात मारून टाकण्याची जुनी सोय आहे. मारलं तर मारलं, पण मग वीजबिल कोण भरतं, रात्री स्वयंपाक कोण करतं, याचा दोन-चार पानांत पत्ता लागला पाहिजे. लागत नसेल तर लेखकाला मृत्यू नको होता, रिकामं घर हवं होतं. तिसरं, पुस्तक ‘विषयावर’ असेल, म्हणजे नैराश्य, व्यसन, वर्णभेद, लैंगिकता, तर शेवटून दुसरं प्रकरण चाळा. तिथे समुपदेशक येऊन लांबलचक बोलत असेल तर ती कादंबरी नाही, घडीपत्रिका आहे.

एक आवाजाची खूणही आहे. २००८ साली ‘द हंगर गेम्स’ आली. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात सांगितलेली. तिथे ते शोभतं, कारण सांगणारी पुढच्या क्षणी जिवंत असेल की नाही याचाच प्रश्न असतो. पुढे मात्र ‘मी चालते, मी बघते’ ही रीत सरसकट झाली आणि तिच्यासोबत हजरजबाबी, किंचित तिरकस बोलणारा एकच एक निवेदक. दहा पानं वाचून निवेदकाचं घर, जात-वर्ग, गाव यांचा काही अंदाज येत नसेल, नुसते टोमणेच कळत असतील, तर पुस्तक परत ठेवायला हरकत नाही.

इंग्रजीची सवय कमी असलेल्या वाचकांना हा प्रकार खरोखरच सोयीचा पडतो, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांची इंग्रजी वाचनाची वाट इथून सुरू होऊ शकते. वाक्यं आखूड, संवाद भरपूर, प्रकरणं आठ-दहा पानांची. पण कल्पनारम्य कादंबरी आधी घेऊ नका, सिनेमा पाहिलेला असला तरी. तिथे लेखकाने बनवलेले शब्द आणि खरे अवघड शब्द एकाच पानावर येतात आणि कोशात काय शोधायचं तेच कळत नाही. आजच्या काळातली, घर-शाळेतली, दोनशे-अडीचशे पानांची कादंबरी घ्या. कुठलंही एक भरलेलं पान वाचा. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. अडलेला प्रत्येक शब्द बघायचा नाही, तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच कोश उघडायचा.

वेळेचा हिशेब आधी केलेला बरा, म्हणजे हिरमोड होत नाही. आजच्या काळातली यंग ॲडल्ट कादंबरी साधारण ५० ते ८० हजार शब्दांची असते. समजा ७० हजार. सवयीचा वाचक मिनिटाला २५० शब्दांच्या वेगाने पावणेपाच तासांत संपवतो. नवख्याचा वेग १२० धरला तर पावणेदहा तास, म्हणजे रोज वीस मिनिटं बसलं तर महिना. महिना लागला म्हणून आपण मंद आहोत असं समजू नका, गणितच तसं आहे. तेवढा धीर नसेल तर पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या शोधा. एलिझाबेथ अॅसेव्हेडो यांची ‘द पोएट एक्स’ (२०१८) हे त्याचं उत्तम उदाहरण, तिला प्रिंट्झही मिळालं आहे. पानावर मोजक्या ओळी, भरपूर मोकळी जागा, आणि पूर्ण पुस्तक वाचल्याचं समाधान. कविता म्हटल्यावर लोक बिचकतात, पण ही कविता बोलण्यासारखी असते.

भाषेपेक्षा जास्त वेळा अडतं ते तिकडच्या शाळेमुळे. अमेरिकी हायस्कूल चार वर्षांचं: फ्रेशमन म्हणजे नववी, सॉफमोर दहावी, ज्युनियर अकरावी, सीनियर बारावी. ‘ज्युनियर’ म्हणजे लहान मुलगी समजून वाचत गेलं की अर्ध्या पुस्तकापर्यंत सगळे संबंध चुकतात. सोळाव्या वर्षी गाडी चालवता येणं ही तिथल्या कथानकाची किल्ली आहे, कारण त्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणत्या टेबलाशी बसतं यावर प्रकरणं खर्ची पडतात, त्यात पाल्हाळ वाटलं तरी वगळू नका, वर्गातली उतरंड तिथेच सांगितलेली असते. ब्रिटिश पुस्तकांत सोळाव्या वर्षीची जीसीएसई आणि अठराव्या वर्षीची ए लेव्हल या दोन परीक्षा ठाऊक असल्या की पुरे. हे सगळं नको असेल तर भारतीय इंग्रजीतली पुस्तकं घ्या. पारो आनंद यांची काश्मीरवरची ‘नो गन्स ॲट माय सन्स फ्युनरल’ (२००५) छोटी आहे आणि कोवळी अजिबात नाही.

या वाचनाचे तोटेही सांगायला हवेत. वेगाची चटक लागते. लागोपाठ चार-पाच यंग ॲडल्ट वाचल्यावर मोठ्यांची संथ कादंबरी कंटाळवाणी वाटायला लागते आणि दोष त्या कादंबरीला दिला जातो. त्रयी हातात आली तर पहिला भाग संपल्यावर थांबा, मध्ये वेगळ्याच जातीचं एक पुस्तक वाचा, मग दुसरा भाग. दुसरा भाग बहुतेक वेळा पहिल्याची पुनरावृत्ती आणि तिसऱ्याची तयारी असतो. सलग वाचताना ते लक्षात येत नाही, विश्रांतीनंतर येतं, आणि तिसऱ्याचे पैसे वाचतात. लहानपणचीच पुस्तकं पुन्हा पुन्हा काढणं ही गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण पुस्तक वाचत नसतो, स्वतःला वाचत असतो. खुशाल वाचा, पण त्या नादात नव्या लेखकांकडे लक्षच जात नाही.

दुसरा तोटा आपल्याला होत नाही, आपल्यामुळे होतो. मोठे वाचक पैसे खर्च करतात, म्हणून प्रकाशक त्यांच्या आवडीकडे झुकतात. नायिका सतरा-अठराची होते, प्रेमप्रकरण वाढतं, आणि तेरा-चौदाच्या मुलांसाठी मधल्या मध्ये पुस्तकंच कमी पडतात, अशी तिकडच्या ग्रंथपालांची तक्रार आहे. २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने ‘न्यू ॲडल्ट’ असं वेगळं नाव पुढे आणलं, अठराच्या पुढच्या नायकांसाठी. तुम्हाला प्रेमकथेसाठीच हा प्रकार आवडत असेल तर ते कपाट जास्त प्रामाणिक आहे.

गट करून वाचायचं असेल तर आठ-दहा माणसं, महिन्याला एक पुस्तक, बैठक दीड तासाची. पहिली वीस मिनिटं फक्त पुस्तकातल्या पानांवर बोलायचं, पान क्रमांक सांगून. हा नियम नसेल तर चर्चा ‘आमच्या वेळी’ वर घसरते आणि तिथून परत येत नाही. दुसरी घसरगुंडी म्हणजे ‘मुलांनी हे वाचावं का?’ हा प्रश्न. बैठकीत कुणीही मूल नसताना पाऊण तास त्यावर जातो. किशोरवयीन मुलं गटात हवी असतील तर ती निदान निम्मी असू द्या आणि आधी त्यांना बोलू द्या. एका मोठ्या माणसाने एकदा ‘यातून आपल्याला काय शिकायला मिळतं’ असं विचारलं की मुलं उरलेला वेळ मोबाइलमध्ये.

घरात त्या वयाचं मूल असेल आणि दोघांना एकच पुस्तक हवं असेल तर आधी त्याला वाचू द्या. नंतर तुम्ही वाचताना पुस्तकात खुणा करू नका आणि कुठलं वाक्य आवडलं ते विचारू नका. त्याने विचारलं तर सांगा. पुस्तक पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा त्यातल्या एका मोठ्या पात्राच्या बाजूने वाचून बघा, आईच्या किंवा वर्गशिक्षकांच्या. त्या पात्राला कुठल्या पानावर काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं याची पेन्सिलीने वेगळ्या कागदावर नोंद करा. चांगली कादंबरी असेल तर तो हिशेब जुळतो, कच्ची असेल तर सत्तर-ऐंशी पानांतच फाटतो.